अक्काची बोटे

रेडिओलहरींनी वेदना शमविण्याचे दोन प्रकार आहेत, आणि नावातील साम्यामुळे रुग्णांच्या घरी त्यांचा हमखास घोटाळा होतो. जुना प्रकार उष्णतेचा. सुईच्या टोकाशी तापमान 60 अंश सेल्सिअसच्या पलीकडे, बहुधा 80 च्या आसपास नेऊन वेदना वाहणारा तंतू भाजून टाकावयाचा. मणक्यांच्या लहान सांध्यांतील बारीक तंतूंसाठी तो आजही वापरला जातो. परंतु ज्या चेतापेशींच्या गाठीतून हातापायांच्या संवेदना जातात, तिला अशी आच लागली तर बधिरता येऊ शकते. कधी कधी बधिर झालेल्या जागीच नवी जळजळ सुरू होते.

हा भेद आमच्या घरी निकडीचा ठरला तो अक्कामुळे. माझी ही थोरली बहीण नाशिकरोडला चाळीस वर्षे शिवणयंत्रावर बसते. पहिल्या कम्युनियनचे पांढरे झगे शिवावेत तर तिनेच! मानेतून उजव्या हातात उतरणारी कळ औषधांनी हटेना, व्यायामाने हटेना. तेव्हा डॉक्टरांनी दुसरा, म्हणजे स्पंदित प्रकार सुचविला. अक्काने एवढेच विचारले, “दुखणे जाईल हो, पण बोटांना सुई कळेल ना?”

आत्याबाईंनी मात्र दुखणे क्रुसापाशी अर्पण करण्याचा सल्ला दिला. पोप बारावे पायस यांनी 24 फेब्रुवारी 1957 रोजी डॉक्टरांपुढे बोलताना वेदनाशमनाला मोकळीक दिली होती, हे मी त्यांना सांगितले. त्या गप्प राहिल्या. पटले असे नव्हे.

स्पंदित उपचार नेदरलँड्सचे डॉ. मेनो स्लाउटर व त्यांचे सहकारी यांनी 1990 नंतरच्या दशकात पुढे आणला. यात प्रवाह सेकंदातून दोनदा, प्रत्येक वेळी अवघे 20 मिलिसेकंद सोडतात. मधल्या विश्रांतीत उष्णता ओसरते आणि टोकाचे तापमान 42 अंशांपुढे जाऊ देत नाहीत. म्हणजे तंतूला काहीच होत नाही का? तसेही नाही. उंदरांच्या तंतूंची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली तेव्हा पेशींच्या आतील सूक्ष्म नलिका विस्कटलेल्या दिसल्या. वेदना वाहणाऱ्या बारीक तंतूंत अधिक, स्पर्श वाहणाऱ्या जाड तंतूंत कमी. अक्काच्या दृष्टीने यापेक्षा मोलाची बातमी नव्हती. ‘निरुपद्रवी’ हा शब्द मात्र मी वापरणार नाही.

मानेच्या अशाच दुखण्यावर 2007 साली एक काटेकोर चाचणी प्रसिद्ध झाली. उपचार घेतलेल्यांना तीन महिन्यांनी लटक्या उपचारापेक्षा अधिक आराम होता आणि गुंतागुंत आढळली नाही. रुग्ण मात्र अवघे 23! त्याच वर्षी चेहऱ्याच्या तीव्र कळांवर हा सौम्य उपचार जुन्या उष्ण उपचारापुढे फिका पडला. सौम्य ते गुणकारी असतेच असे नाही.

शिवाय सुई ती सुईच. मानेत रक्तवाहिन्या जवळ असतात. रक्तस्राव, जंतुसंसर्ग यांचा थोडा धोका राहतोच. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, हृदयात पेसमेकर असेल, तर ते आधी सांगितलेच पाहिजे. डॉक्टरांनी हे सारे विचारले. क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत सुई नेली, प्रथम अगदी मंद प्रवाह सोडून “मुंग्या कुठे येतात?” हे अक्कालाच विचारले, आणि मगच उपचार केला.

कळ समूळ गेली नाही. निम्म्याहून कमी झाली. काही महिन्यांनी पुन्हा करावे लागेल, असे डॉक्टरांनी बजावले आहे. अक्का सुईत दोरा अजून चष्म्याविना ओवते आणि झग्यांची मापे घेण्यास पोरींना रविवारी मिस्सानंतर बोलावते.