माशीमार नसलेला माशीमार

डिसेंबरात नवज्याच्या जंगलात एक पक्षी वीस मिनिटं माझ्यासमोर किडे पकडत होता. राखाडी डोकं, पिवळं पोट, चिमणीपेक्षाही लहान. फांदीवर ताठ बसायचा, हवेत झेपावून किडा टिपायचा, परत फांदीवर. वहीत लिहिलं : राखी डोक्याचा माशीमार.

रात्री मोबाईलवर वाचत बसले, तर नाव तेवढं माशीमाराचं निघालं. १८२० मध्ये स्वेन्सनने श्रीलंकेतल्या पक्ष्यावरून याचं वर्णन केलं. १८७१ मध्ये स्विन्होने 'क्युलिसिकापा' ही प्रजाती केली, म्हणजे डास धरणारा. धंदा बघून त्याला माशीमारांच्या घरात बसवलं होतं. पुढे डीएनए तपासला, तेव्हा नातं टिट पक्ष्यांच्या बाजूला निघालं. २००५ मध्ये 'स्टेनोस्टिरिडी' हे वेगळंच कुळ मांडलं गेलं. त्यातले याचे बहुतेक भाऊबंद आफ्रिकेत! बिचारा कोयनेच्या खोऱ्यात थंडी काढतोय आणि चुलते तिकडे.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याची हद्द सोडून सांगलीकडे आजीच्या वसाहतीत गेले. हौसेने नव्हे, कामाला. आजीचं गाव चांदोलीच्या जंगलातलं, अभयारण्यासाठी उठवलेलं. तिच्याकडचा प्रकल्पग्रस्ताचा दाखला माझ्या नावावर करायचा होता. भरतीच्या अर्जाला तो लागतो. खरं तर मी उसाच्या पट्ट्यात जन्मले. ते गाव मी पाहिलेलंसुद्धा नाही. अर्जातल्या त्या चौकटीत टिक करताना दर वेळी हात अडखळतो.

आजीने पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकची पिशवी काढली. कागद शोधता शोधता मी तिला फोटो दाखवला. मोबाईल लांब धरून तिने बघितला.

"ह्यो व्हय? थंडीत परड्यात यायचा की. गुरांच्या माश्या धरायचा."

मी तिला कुळाची सगळी कथा सांगितली. डीएनए म्हणजे काय ते 'रक्ताची तपासणी' म्हणून भागवलं. आफ्रिकेवर ती हसली.

"मंजी दोनशे वर्सं चुकीच्याच घरात लिवलेला?"

"जवळजवळ."

"आन् त्येला ठावंच न्हाई." मग जरा थांबून, "दाखला बदलाय त्येला कुनाच्या पाया पडावं लागलं न्हाई, ते बरं."

संमतीपत्र मी तिच्यापुढे सरकवलं. शाईचा डबा वाळला होता. आजीने त्यात दोन थेंब पाणी टाकलं आणि अंगठा घोळवला.