गाडी धुण्याचा हिशोब

यूट्यूबवर फोमने गाडी धुण्याचे व्हिडिओ एकदा का बघायला लागलात की संपलं. काळी गाडी, तिच्यावर दाट पांढरा फेस, तो हळूहळू खाली घसरतोय... रिलीजच्या आठवड्यात रात्री एक वाजता असले किती व्हिडिओ मी पाहिलेत याची मोजदाद नाही. कोड कंपाइल होईना, पण तिकडे गाडी तरी चकाचक होतेय, तेवढंच समाधान. शेवटी २०२३ च्या दिवाळीच्या सेलमध्ये एक प्रेशर वॉशर आणि सोबत फोमची बाटली घेतलीच. आता गंमत अशी की पुण्यात माझ्याकडे बाइक आहे. गाडी असते घरी, धाराशिवला, आप्पांच्या ताब्यात. त्यामुळे खोकं थेट घरी नेलं.

ज्यांनी हा प्रकार बघितलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रेशर वॉशर म्हणजे एक छोटा पंप. घरगुती मशीन मिनिटाला साधारण सहा लिटर पाणी शंभर बारच्या आसपास दाबाने फेकतं. गाडीच्या टायरमध्ये हवा दोन-सव्वादोन बार असते, त्यावरून अंदाज येईल. फोमच्या बाटलीच्या डोक्यात जेमतेम एक मिलिमीटरचं भोक असतं. त्यातून पाणी जोरात निघालं की तिथला दाब पडतो, बाटलीतला शाम्पू आपोआप वर ओढला जातो, बाहेरची हवाही आत येते, आणि हे सगळं तारेच्या बारीक जाळीतून गेलं की झाला फेस. अकरावीला घोकलेला बर्नोली नोकरीत कधी कामाला आला नव्हता, तो इथे आला :-)

हा फेस नुसता दिसायला असतो असंही नाही. आमच्याकडची धूळ म्हणजे काळ्या मातीची भुकटी आणि तिच्यात रस्त्याकडेच्या मुरमाची कच. कोरड्या फडक्याने गाडी पुसली की ही कच रंगावर घासते. रंगाच्या वर जो पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, तो साधारण ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ. उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसतात ना, ते याचेच. फेस चार-पाच मिनिटं राहू दिला की धूळ भिजून सैल होते, बरीचशी फेसासोबतच खाली उतरते. गाडीला हात लावायचा तो त्यानंतर.

हे सगळं मी आप्पांना समजावून सांगितलं. त्यांनी बाटली उलटीपालटी करून बघितली.

"फवारणीचाच पंप की हा! गाडी धुवायलास का सोयाबीन फवारायलास?"

आणि मग खरा प्रश्न. "पाणी कुठंय?"

त्या वर्षी पाऊस रुसलेला होता. ३१ ऑक्टोबर २०२३ ला सरकारने राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आमचा तालुका होता. आमचं बोअर जानेवारी उजाडायच्या आतच अडखळायला लागलं. शहराच्या नळाचं म्हणाल तर उजनीचं पाणी. म्हणजे भीमेचं पाणी सोलापूर जिल्ह्यातून शंभरेक किलोमीटर पाइपातून यायचं, तेही बालाघाटाच्या पठारावर चढवून. आप्पा म्हणाले, "गल्लीत लोक टँकरची वाट बघायलेत आणि आपण दारात फेस करायचा? राहू दे वर." खोकं पोटमाळ्यावर गेलं. आईने त्यावर कुरडयांचा डबा ठेवला, म्हणजे विषय संपला.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण वाद घातला नाही, कारण २०१६ चा उन्हाळा मी लातूरला काढलाय. १९८२ पर्यंत लातूर आमच्याच जिल्ह्यात होतं, आणि अजूनही अकरावी-बारावीला आमच्याकडची पोरं तिकडेच जातात. सीईटीसाठी हॉस्टेलवर थांबलो होतो. आंघोळीला अर्धी बादली, तीही दिवसाआड. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर, दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. नंतर पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली, २५ लाख लिटरची. तेव्हा हा आकडा केवढा मोठा वाटायचा! पण २०११ च्या जनगणनेत लातूर शहर पावणेचार लाखांच्या पुढे होतं. भागाकार करून बघा. पन्नास वाघिणींची अख्खी गाडी सगळ्यांना वाटली तर माणशी साडेसहा लिटर.

माझं मशीन तेवढं पाणी एका मिनिटात फेकतं.

हा भागाकार डोक्यातून जाईना. म्हणून २०२४ ला पाऊस बरा झाल्यावर, सप्टेंबरातल्या एका शनिवारी, २० लिटरची बादली आणि मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन मोजायलाच बसलो. (इंजिनियर माणूस, दुसरं काय करणार.)

आधी नळी. गच्चीवरच्या टाकीची अर्ध्या इंची नळी बादली भरायला पावणेदोन मिनिटं घेते, म्हणजे मिनिटाला साडेअकरा लिटर. गाडी धुताना नळी पंधरा मिनिटं चालू राहिली, आणि ती राहतेच, तर १७० लिटर.

मग मशीन. आधी धूळ उडवायला दोन मिनिटं, फेसाला एक, शेवटी खळबळून काढायला तीन. झाले ३६ लिटर. हातमोजा बुडवायच्या बादलीत आठ. शाम्पूचं पाणी धरून एकूण ४५.

आणि आप्पांची पद्धत. दोन बादल्या, एक जुनं बनियन. ४० लिटर, आणि दुसऱ्या बादलीत तळाला उरतंच. ते तुळशीला.

म्हणजे बघा, मशीनच्या खोक्यावर पाणी वाचवल्याचा जो दावा असतो तो नळीशी तुलना करून असतो. आमच्या घरात नळीने गाडी कधी धुतलीच नव्हती. आप्पांनी आकडे ऐकले आणि विचारलं, "मग वाचलं काय?" म्हटलं, रंग वाचला. पाणी नाही. ते हसले, पण मला वाटतं त्यांना उत्तर आवडलं.

मोजताना एक गोष्ट मात्र लक्षात आली. बादलीला तळ असतो, नळाला नसतो. मशीन नळाला जोडलं की चाकांच्या वर आत जरा मारू, खालून चिखल काढू, अजून एकदा फेस करू असं होत जातं, आणि सहा मिनिटांची बारा कधी होतात कळत नाही. दंडाने हे थांबवता येतं. मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूला पाणीटंचाई झाली तेव्हा पिण्याच्या पाण्याने गाडी धुण्यावर बंदी आली, पाच हजार रुपये दंड. आमच्या गल्लीत दंडाची गरज नाही, समोरच्या ओट्यावर बसलेल्या मावशी पुरेशा आहेत. पण सगळ्यात सोपा उपाय म्हणजे मशीनलाच तळ देणं. मी ते ५० लिटरच्या ड्रमला जोडलं. ड्रम संपला की गाडी धुऊन झाली, भले डिकी राहिलेली असो.

कुणाला करायचं असेल तर दोन-तीन गोष्टी. सगळी मशीन ड्रममधून पाणी ओढत नाहीत, घेतानाच 'सेल्फ प्रायमिंग' आहे का विचारा. ड्रम मशीनपेक्षा जरा उंचावर ठेवा, आत येणारा पाइप आधी पाण्याने भरून हवा काढून टाका, तोंडाला गाळणी लावा. पाणी संपत आलं की लगेच बंद करा, कोरडा पंप चालला तर सील जातात. आणि साबणाचं पाणी बोअरच्या खड्ड्याकडे जाऊ देऊ नका.

दुसरी अडचण बोअरच्या पाण्याची. आमच्या बोअरचं टीडीएस मीटरवर आठशेच्या पुढे येतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० पर्यंत चांगलं समजतात, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. काळ्या खडकातून झिरपलेलं पाणी, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम. असल्या जड पाण्यात फेस कमी होतो, आणि थेंब उन्हात वाळले की काचेवर पांढरे ठिपके उरतात. भांड्यांवर बसतात तेच. यावर व्हिडिओवाले महागडे फिल्टर सुचवतात. आईने सुचवलं, "पन्हाळीखाली पिंप ठेव." हजार चौरस फुटांच्या गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस पडला तर नऊशे लिटरच्या आसपास पाणी येतं, आपल्याला लागतं ५०. पावसाचं पाणी मऊ, फेस दुप्पट आणि ठिपके नाहीत. उजनीचंही नाही, बोअरचंही नाही.

१२ ऑक्टोबर २०२४ ला दसरा होता. त्याच्या आदल्या दिवशी सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत, पन्हाळीचं पाणी ड्रममध्ये गाळून गाडी धुतली. फेस अगदी व्हिडिओत असतो तसा आला. गल्लीतली चारपाच पोरं येऊन उभी राहिली, एकाने बोटाने बॉनेटवर स्वतःचं नाव लिहिलं. आप्पा खुर्ची टाकून बसले होते. सगळं झाल्यावर बनियनचा तुकडा घेऊन उठले, तेव्हा मी हळूच मायक्रोफायबरचा टॉवेल त्यांच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, आणि पूजेला ट्रॅक्टरसोबत लॅपटॉप आणि माझं मशीनही.

तेव्हापासून घरात ठरलंय. दसरा-दिवाळीला आणि पिंपात पावसाचं पाणी असेल तेव्हा फेस. होळीनंतर मशीन पोटमाळ्यावर. उन्हाळ्यात गाडीवर धूळ दिसली तर दिसू दे, फक्त काचा ओल्या फडक्याने पुसायच्या, रंगाला कोरडं फडकं लावायचं नाही. हे शेवटचं कलम माझं, बाकीची आप्पांची.

२०२५ ला सगळंच उलटं झालं. सप्टेंबरात परंडा, भूम भागात नद्या पात्राबाहेर आल्या, हेलिकॉप्टरने लोकांना बाहेर काढावं लागलं. आमचं सोयाबीन पाण्यात गेलं. परंड्याकडे आमच्या आत्याच्या घरात गुडघाभर गाळ बसला होता, भिंतींना, भांड्यांना, शिलाई मशीनला. वीज आल्याबरोबर आप्पांनीच पोटमाळ्यावरून प्रेशर वॉशर काढून गाडीत टाकलं. दोन दिवस ते चाललं. आत्याची फरशी दिसायला लागली, मागून शेजारच्या तीन घरांनी मागून नेलं. फोमची बाटली घरीच राहिली होती. त्या दसऱ्याला गाडी आप्पांनी दोन बादल्यांत धुतली.