बशी उलटी करून पाहा

मुंबईत जन्म काढलेल्या बायकांनासुद्धा चोरबाजार म्हटलं की पर्स पोटाशी धरावीशी वाटते. पण तिथली मटण स्ट्रीट ही गल्ली एकदा तरी पाहावी अशी आहे. ग्रँट रोड किंवा सँडहर्स्ट रोड स्टेशनवर उतरावे आणि भेंडीबाजाराच्या रोखाने विचारत विचारत जावे. शुक्रवारी पक्की दुकाने बंद असतात आणि माल रस्त्यावर पसरतो. त्या दिवशी गर्दी फार, म्हणून बायकांनी इतर वारी अकराच्या सुमारास जावे असे मी म्हणेन. दुकानदार तेव्हा नुकते स्थिरावलेले असतात, बोलायला त्यांना सवड असते.

ग्रामोफोन, घड्याळे, हंड्या-झुंबरे यांच्या अडगळीत जुन्या चिनी मातीच्या बशा, वाडगे, सूपाची झाकणवाली भांडी रचून ठेवलेली दिसतात. एका दुकानात मी निळ्या नक्षीची मोठी बशी हातात घेतली. वर दोन पक्षी, खाली वाकलेले झाड, पूल, पुलावर तीन माणसे.

“देढ सौ साल पुराना है बहनजी, असली चायना का,” दुकानदार म्हणाला.

मी बशी उलटी केली. मागे ‘मेड इन इंग्लंड’!

हे चित्र दिसते चिनी, पण ते अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडात तयार झाले. ते शेकडो कारखान्यांनी छापले आणि आजही छापले जाते, तेव्हा नुसत्या चित्राला किंमत नाही. आता राहिले वय. १८९० साली अमेरिकेने कायदा केला की बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचे नाव हवे, आणि १८९१ पासून बशांच्या पाठीवर ‘इंग्लंड’ असे सर्रास येऊ लागले. ‘मेड इन इंग्लंड’ असे पूर्ण लिहायची पद्धत तर बहुतेक विसाव्या शतकातली. म्हणजे त्या बशीचे दीडशे वर्षांचे आयुष्य तिथेच आटोपले! जपानी मालावर ‘निप्पॉन’ असेल तर तो साधारण १८९१ ते १९२१ मधला. चौकटीच्या आकाराचा, कोपऱ्यांत अक्षरे-आकडे असलेला शिक्का दिसला तर मात्र जरा थांबा. ती इंग्लंडातल्या नक्षीच्या नोंदणीची खूण, १८४२ ते १८८३ या काळातली. चिनी अक्षरांच्या शिक्क्यावर विसंबू नये. जुन्या बादशहांची नावे मागाहूनच्या कारागिरांनीही आदराने घातली आहेत, आणि लबाडीनेही.

मी हे सगळे शोधत होते ते आमच्या थोरल्या जाऊबाईंसाठी. आमचे आजेसासरे रंगूनला नोकरीला होते. लढाईपूर्वी रजेवर येताना त्यांनी बशा-वाडग्यांची पेटी आणली, ती रत्नागिरीच्या घरात माळ्यावर होती. गेल्या वर्षी जुन्या वस्तू घेणारा एक माणूस दारात आला आणि अठरा नगांचे सरसकट दोन हजार देतो म्हणाला. घराची कौले फुटलेली, पैशाची गरज होतीच. “माळ्यावर धूळ खाण्यापेक्षा गेलेलं काय वाईट?” असे जाऊबाईंनी फोनवर विचारले. मी म्हटले, “वहिनी, आठ दिवस थांबा. आधी मागचे शिक्के बघून मला सांगा.”

सोळा नगांवर स्फिंक्सचे चित्र निघाले, म्हणजे बाईचे तोंड आणि सिंहाचे धड. खाली मास्ट्रिख्ट आणि हॉलंड. हॉलंडमधल्या मास्ट्रिख्ट गावी पेत्रुस रेगू या कारखानदाराने १८३६ साली ही भांडी करायला सुरुवात केली, आणि पुढे ती ब्रह्मदेश, जावा-मलायापर्यंत भरभरून गेली. त्यामुळे ती दुर्मीळ नाहीत, पण मागणी आहे. मटण स्ट्रीटवर तसल्याच एका बशीचे मला बाराशे सांगितले. दुकानदार सांगतो ती किंमत आपल्या हाती येत नसते. तो आपल्याला तिसरा हिस्सा देईल, फार तर निम्मे. तरी सरसकट दोन हजार म्हणजे लूटच. जाऊबाईंनी टवके उडालेल्या चार बशासुद्धा दिल्या नाहीत. कौलांसाठी भिशी आधी उचलली.

शिक्का नसेल तर? मग नक्षीच्या काठाकडे बघायचे. जुनी छापील नक्षी तांब्याच्या पत्र्यावरून पातळ कागदावर घेत आणि तो कागद कापून बशीला चिकटवत. काठाभोवती कुठेतरी वेल नीट जुळत नाही, ती जोडाची जागा. हाताने रंगवलेल्या बशीत दोन फुले कधी सारखी नसतात. खरी वापरलेली बशी बुडाच्या कडेला घासलेली असते आणि तिच्यावर सुरीचे ओरखडे वेडेवाकडे असतात. सगळे ओरखडे एकाच दिशेने असले की समजावे, कुणीतरी बसून काढलेत!

आणि माठ घेताना वाजवतो तसे हिलाही वाजवावे. बोटांच्या टोकांवर तोलून नखाने टिचकी मारा. भद्द आवाज आला तर केसाएवढी चीर असू शकते. डागडुजी केलेली जागा बोटाला प्लॅस्टिकसारखी कोमट लागते. एका चिरेने किंमत निम्म्याहून खाली येते, हे घासाघीस करताना उपयोगी पडते, आणि विकताना दुखते.

तिथवर गेलातच तर भायखळ्याचे भाऊ दाजी लाड संग्रहालय जवळच आहे. १८७२ साली उघडलेल्या या संग्रहालयाच्या संग्रहात जे. जे. कलाशाळेत घडवलेली भांडी आहेत. शाळेचे प्रमुख टेरी यांनी सिंधी पद्धतीची झिलई आणि अजिंठ्याची चित्रे यांचा मेळ घालून ती करवून घेतली. बुडाशी ‘बॉम्बे स्कूल ऑफ आर्ट’ असे कोरलेला एखादा चंबू कुणाच्या माजघरात निघाला, तर दारावर आलेल्या माणसाला तो दाखवूसुद्धा नये. जाणकाराकडेच न्यावा.

परदेशातल्या लेकी-सुनांना अशा वस्तू पाठवायची हौस असते. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू देशाबाहेर नेता येत नाही, हे ध्यानात असू द्या. आणि घरात वापरायचे म्हणाल, तर या बशा भिंतीवर किंवा कपाटातच बऱ्या. जुन्या झिलईत बरेचदा शिसे असते. लोणचे, कोकम, चिंचेची आमटी अशा आंबट पदार्थांत ते उतरते, आणि जिच्यावर बारीक जाळी पडली आहे तिच्यात तर ताकसुद्धा ठेवू नये. धुताना तसराळ्यात जुना टॉवेल अंथरा, पाणी कोमट घ्या, ब्लीचिंग पावडर मुळीच नको. रचून ठेवताना दोन बशांच्या मध्ये फ्लॅनेलचा एकेक तुकडा घाला.