जडावलेला हात

चैत्रात दिंडोशीच्या टेकड्या तापू लागल्या की, स्तनाच्या कर्करोगासाठी काखेतील लसिकाग्रंथी काढल्यापासून ज्याचा निचरा मंदावला आहे तो द्रव माझ्या डाव्या हातात अधिकच साचतो, आणि हे जडपण तहहयात सोबत राहणार या जाणिवेने मन विषण्ण होते. मग बोटांपासून खांद्याकडे लवचीक पट्टी गुंडाळताना त्याच हाताविषयी विलक्षण माया दाटून येते. गडचिरोलीकडे डासांनी पसरवलेल्या हत्तीरोगाने ज्यांचे पाय सुजले, त्यांचेही नित्यकर्म असेच: साबणपाण्याने धुणे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणे, बारीक जखमही जपणे. पट्टीइतकाच त्वचेची निगा हाही महत्त्वाचा बंदोबस्त. अशा सुजेवर अकस्मात लाली चढली, ताप भरला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.