मासा कशाने मेला, हे विचारा



हल्ली आपल्या वस्त्यांमधून पुष्कळ घरांत माशांची काचेची पेटी दिसते. टीव्हीच्या शेजारी दिवा लावलेली पेटी, तीत पाच-सहा रंगीत मासे. मुलांचा विरंगुळा होतो, आल्यागेल्यालाही बरे वाटते. यात वावगे काहीच नाही. कामगाराच्या घरातही शोभेची एखादी वस्तू असावी, असेच आम्ही म्हणू. परंतु या पेटीबरोबर दोन गोष्टी गुपचूप घरात शिरतात. एक, हलक्या दर्जाची विजेची उपकरणे आणि दुसरी, अंधश्रद्धा. या दोघींची गाठ पडली की माणसाच्या जिवावर बेतते.

अंधश्रद्धा अशी की, पेटीतला मासा मेला म्हणजे घरावर येणारे संकट त्याने स्वतःच्या अंगावर घेतले. वास्तुशास्त्र आणि फेंगशुई यांच्या नावाने हे सर्रास सांगितले जाते. दुःखाची गोष्ट ही की, दर रविवारी विहारात वंदनेला बसणारी माणसेसुद्धा ते खरे मानतात.

नागपुरातील आमच्या वस्तीत एका हिवाळ्यात घडलेली हकिकत सांगतो. थंडीत पाणी गार पडू नये म्हणून एका घरी पेटीत हीटर लावला होता. एके दिवशी सकाळी पाहतात तो सगळे मासे मरून वर तरंगत होते. पाणी अंघोळीला घ्यावे इतके गरम झाले होते. घरातल्या आजी म्हणाल्या, "बरं झालं, घरावरचं गेलं." लगेच नवे मासे आले. हीटर मात्र तोच राहिला. महिन्याभराने सूनबाई पेटी साफ करायला बसल्या. पाय अनवाणी, फरशी ओली. पाण्यात हात घालताच त्या मागे फेकल्या गेल्या. बोटे भाजली, पण जीव वाचला. आम्ही वायरमनला घेऊन गेलो तेव्हा त्यांची लहान मुलगी म्हणाली, "काका, मले तर आठ दिवसांपासून पाण्यात बोट घातलं का मुंग्या येत होत्या!" त्यावर घरचे म्हणाले, "पण मासे तर चांगले फिरत होते."

वायरमनने हीटर काढून दाखवला. काचेच्या नळीला केसासारखी बारीक भेग गेली होती. पाणी ठरावीक गरम झाल्यावर वीज तोडणारा थर्मोस्टॅट चिकटून बसला होता, म्हणून हीटर रात्रभर चालूच राहिला आणि पहिले मासे शिजून मेले. हीटरवर ना कंपनीचे नाव, ना आयएसआयचे चिन्ह. प्लग दोनच पिनांचा, म्हणजे अर्थिंगचा प्रश्नच नाही. मासे ज्या दिवशी मेले त्याच दिवशी कारण शोधले असते, तर त्या माउलीवर हा प्रसंग आला नसता.

मासे जिवंत असले म्हणजे पाण्यात वीज उतरलेली नाही, हा समज चुकीचा आहे. वीज जमिनीकडे वाट शोधते. काचेच्या पेटीत माशाच्या अंगातून तशी वाट नसते, म्हणून तो निवांत पोहत राहतो. आपण ओल्या फरशीवर उभे राहून हात घातला की आपले शरीरच ती वाट होते. एमसीबीवरही विसंबू नये. तो तारा जळू नयेत यासाठी असतो आणि कित्येक अँपिअर प्रवाह गेल्याशिवाय पडत नाही. माणूस मरायला एका अँपिअरचा दहावा भागही पुरतो. माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. ३० मिलिअँपिअर गळती होताच तो क्षणार्धात वीज तोडतो. तो ३० मिलिअँपिअरचाच घ्यावा, परवानाधारक वायरमनकडून बसवावा आणि त्यावरचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

बाकी काळजीला पैसा लागत नाही. पेटीत हात घालण्यापूर्वी सगळे प्लग काढावेत. हीटर बंद करून पंधरा मिनिटे निवू द्यावा, मगच पाणी बदलावे, कारण तापलेली काच उघडी पडून पुन्हा गार पाण्यात गेली की तडकते. बोर्ड पेटीखाली जमिनीवर ठेवू नये. वायर आधी बोर्डाच्या खाली झोळीसारखी सोडून मग वर न्यावी, म्हणजे ओघळलेले थेंब बोर्डात न शिरता खाली पडतात. हवेचा पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा, नाहीतर वीज गेली की नळीतून पाणी उलटे पंपात उतरते. कुणाला शॉक बसलाच तर त्याला हात लावू नये. आधी मेन स्विच बंद करावा आणि मग दवाखाना गाठावा.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा विजेचे धोरणही त्यांच्याच खात्याकडे होते. देशाला स्वस्त आणि मुबलक वीज मिळावी, हा त्यांचा आग्रह होता. ती वीज आपल्या खोलीत आली, पण आपल्या कित्येक चाळींत तिसऱ्या पिनेमागे अर्थिंगची तारच नाही. भाड्याच्या खोलीत एकट्याने तक्रार केली तर मालक दाद देत नाही. दहा घरांनी मिळून सही केली तर त्याला ऐकावे लागते. महिला मंडळांनी आणि तरुणांनी एका रविवारी हे काम हाती घ्यावे.

भगवान बुद्धांनी कारणाशिवाय कार्य नाही, असे शिकवले. तेव्हा यापुढे पेटीत मासा मेलेला दिसला तर संकट टळले म्हणू नका. आधी प्लग काढा आणि मग तो कशाने मेला ते शोधा.

जयभीम!