मक्याला लागलेला परदेशी पैसा

घनसावंगी तालुक्यातलं कुंभार पिंपळगाव हे काही मक्याचं गाव नव्हे. जालना जिल्ह्यात मका म्हटलं की भोकरदन-जाफराबादचा पट्टा. इकडे काळ्या रानात कापूस, तूर, सोयाबीन आणि पाणी असेल तिथे ऊस. तरी मक्याचा पैदासकार म्हणून मला या भागातून विचारणा होते: परदेशी मदतीने आमचा मका वाढला का? विचारणाऱ्याच्या मनात जागतिक बँक असते. मी मात्र १९५७ पासून सुरुवात करतो.

त्या साली रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने देशातला पहिला अखिल भारतीय समन्वित पीक प्रकल्प सुरू झाला, तो मक्याचा. १९५०-५१ मध्ये मक्याचं देशातलं सरासरी उत्पादन हेक्टरी ५४७ किलो होतं. अमेरिकी संकरित वाण आणून सरळ पेरायचा मोह तेव्हाही होता, पण ते इथल्या हंगामात बसेनात. मग कॅरिबियन, कोलंबिया, मेक्सिकोकडचे वाण आणून आपल्याकडच्या मक्याशी त्यांचे संकर झाले आणि वेगवेगळ्या हवामानांत एकाच पद्धतीने चाचण्या लागल्या. १९६१ मध्ये गंगा १, गंगा १०१, रणजित आणि डेक्कन हे वाण बाहेर पडले. माझ्या मते खरी मदत ही चाचणीची शिस्त होती; पैसा तिच्यामागून आला.

संकरित बी दरवर्षी नवं घ्यावं लागतं. ते करणार कोण? १९६३ मध्ये राष्ट्रीय बीज निगम आलं आणि १९६४ मध्ये जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाणे कंपनी काढली. त्यांची सुरुवात भेंडीच्या बियाण्याची. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाण्यांचं शहर ही जालन्याची ओळख महिकोपासूनची.

आता जागतिक बँकेकडे येऊ. २०१८ मध्ये नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी तिने ४२ कोटी डॉलर मंजूर केले. जालन्यासह १५ जिल्हे, पाच हजारांवर गावं. लोक त्याला अनुदान म्हणतात, कारण हातात पडतं ते अनुदानच. राज्याच्या वहीत मात्र ते कर्ज आहे. हा प्रकल्प हवामान बदलाला तोंड देण्यासाठी होता, मक्यासाठी म्हणून नव्हे. पण शेततळं, ठिबक, रुंद वरंबा-सरी ही मक्याचीच गरज. काळ्या रानात जुलैत चार दिवस पाणी साचलं की कोवळा मका पिवळा पडतो, म्हणून वरंबा हवा. आणि खरी परीक्षा तुऱ्याला. तुरा येतो, कणसाला केस फुटतात, त्या आठ-दहा दिवसांत ओल तुटली तर केस उशिरा बाहेर येतात. तोवर तुऱ्यातले पराग झडून गेलेले असतात. कणीस दिसतं भरदार, सोलल्यावर निघतं बोडकं. हेक्टरी १२० किलो नत्र तीन हप्त्यांत वेळेवर घातलेलंही मग फुकट. त्या वेळचं शेततळ्यातलं एक पाणी महागड्या बियाण्याच्या पिशवीपेक्षा मला मोलाचं वाटतं. (हे एका पैदासकाराने म्हणणं त्याच्या धंद्याच्या विरुद्ध आहे, ठाऊक आहे.)

त्याच २०१८ मध्ये अमेरिकी लष्करी अळी भारतात आली आणि मक्याच्या पोंग्यात शिरली. याच प्रकल्पाच्या शेतीशाळेत पोंगा उघडून अळी ओळखायला शिकलेला शेतकरी दुकानदाराने दिलेलं औषध डोळे मिटून मारत नाही.

उष्णता सोसणाऱ्या मक्याचं कामही परदेशी पैशावर झालं. यूएसएड या अमेरिकी सरकारच्या मदतसंस्थेच्या निधीतून सिमिट या आंतरराष्ट्रीय संस्थेने हैदराबादहून ते चालवलं. आपली विद्यापीठं आणि बियाणे कंपन्या त्यात होत्या. २०२५ मध्ये यूएसएडच गुंडाळली गेली. त्या कामातून कंपन्यांच्या आणि विद्यापीठांच्या हाती आलेले वाण मात्र कुणी परत मागू शकत नाही.

या साऱ्या प्रकल्पांत माझ्या मते भर राहिला तो मुख्यतः उत्पादनावर; काढणीनंतर मका वाळवायचा प्रश्न उरलाच. खरिपाचा मका निघतो तो परतीच्या पावसात. व्यापारी साधारण १४ टक्के ओलाव्याचा माल धरतो, त्यापुढे कपात. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २४०० रुपये, पण ओल्या कणसांचा ढीग ताडपत्रीखाली तापत असेल तर तो भाव कागदावरच. म्हणून पुढच्या प्रकल्पाच्या आराखड्यावर माझं मत मागितलं, तर बियाण्याच्या तरतुदीतून थोडं काढून गावोगावच्या शेतकरी गटांना मका वाळवायची यंत्रं द्या, असं लिहून देईन. आणि ती ऑक्टोबरच्या आत बसवा.