घरच्या गोष्टींची गंजिफा

विस्मरण जडलेल्या ज्येष्ठ माणसाच्या घरात दिवसभर नकळत एक परीक्षा चालू असते. "मी कोण, सांगा बरं?" "आज वार कोणता?" "सकाळी काय जेवलात?" विचारणाऱ्याच्या मनात मायाच असते, परंतु उत्तर न सापडलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जी ओशाळवाणी छाया उमटते, ती आपणही पाहिली असेल. प्रश्न विचारण्याऐवजी त्यांच्या हाती असे काही द्यावे, ज्याविषयी घरात त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नाही, तर? आमच्या घरी ते 'काही' म्हणजे घरी बनवलेल्या पत्त्यांचा एक जोड ठरला.

आम्ही झरीचे, परभणीहून जिंतूरकडे जाताना वाटेत लागणारे हे गाव. माझ्या सासूबाई 84 वर्षांच्या आहेत. आम्ही सुना त्यांना आत्याबाई म्हणतो. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांना स्मृतिभ्रंश झाल्याचे निदान केले. गेल्या उन्हाळ्यात माझा 11 वर्षांचा नातू सुटीला आला, तो पोकेमॉनच्या पत्त्यांची डबी घेऊन. हे पत्ते बदाम-इस्पिकांचे नव्हेत. प्रत्येक पत्त्यावर एक काल्पनिक प्राणी, त्याचे नाव, त्याची शक्ती आणि काहींवर त्याची एक-दोन ओळींची कथाही असते. पत्ते जमवायचे, मित्रांशी अदलाबदल करायची आणि स्वतः निवडलेल्या जोडाने खेळायचे. अशा खेळांचा पाया रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकी गणितज्ञाने 1993 साली 'मॅजिक : द गॅदरिंग' या खेळाने घातला, पोकेमॉनचे पत्ते 1996 साली जपानात निघाले. नातवाला आता स्वतःचे पत्ते बनवायचे होते आणि त्यासाठी राक्षस हवे होते. बाजेवरून आत्याबाई म्हणाल्या, "राक्षस कशाला? पिंपळावर मुंजा आहे की."

चित्र, पद आणि कथा एका पत्त्यावर आणण्याची रीत आपल्याला परकी नाही. बाबराने 1527 साली सिंधच्या शाह हसनकडे गंजिफाचे पत्ते पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. पुढे आपल्याकडे दशावतारी गंजिफा रुजली. तिच्यात दहा अवतारांचे दहा गट आणि प्रत्येक गटात राजा, प्रधान व एक ते दहा असे 12 पत्ते. एकूण 120 गोल पत्ते. मत्स्याचे चिन्ह मासा, कूर्माचे कासव, परशुरामाचे परशू. दिवसा डाव रामापासून सुरू व्हायचा, रात्री कृष्णापासून. खेळता खेळता मुलांना पुराणकथा पाठ होत. सावंतवाडीत ही कला मावळू लागली, तेव्हा 1970 च्या दशकात शिवरामराजे आणि राजमाता सत्त्वशीलादेवी भोसले यांनी तिला नवजीवन दिले. त्या कामी उपयोगी पडले, ते उरल्यासुरल्या वृद्ध चिताऱ्यांचे ज्ञान. जुने ज्ञान वृद्धांकडे असते आणि कुणी शेजारी बसून विचारले, तरच ते पुढे जाते, हे आपल्यालाही लागू आहे.

आमचा जोड 30 पत्त्यांचा झाला. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद घेतला आणि डब्याचे झाकण ठेवून गोल कापले. प्रत्येक पत्त्यावर एकच ठळक चित्र, फिक्या पिवळ्या पार्श्वभूमीवर काळ्या मोठ्या अक्षरांत नाव, आणि मागची बाजू कथेसाठी कोरी. चकचकीत कागद टाळला, कारण उजेडाची तिरीप पडली की वृद्ध डोळ्यांना अक्षर दिसत नाही. चित्रे नातवाची, शक्ती आणि कथा मात्र आत्याबाईंच्या.

मुंजाला नातवाने समोरच्याचा पत्ता गिळण्याची शक्ती दिली होती. आत्याबाईंनी ती रद्द केली. "ते लेकरूच आहे. अंधारात सोबत मागतंय. कंदील दिसला की जातंय." तेव्हापासून मुंजा पत्ता अडवून धरतो आणि कंदील तो सोडवतो. विहिरीतल्या साती आसरांचे साहाय्य हवे असेल, तर आधी आपला एक पत्ता ओटी म्हणून ठेवावा लागतो. निजामाच्या राज्यातला हाली शिक्काही आमच्या डावात आहे. सहा कलदार रुपयांना सात हाली, हा वडिलांच्या तोंडून ऐकलेला भाव त्यांनी न अडखळता सांगितला आणि तोच नियम झाला. 1972 च्या दुष्काळाचा पत्ता पडला की सर्वांचा एकेक पत्ता जातो. सुकडीचा पत्ता ज्याच्याकडे असेल, तो वाचतो. त्यावर खडी फोडण्याच्या कामावर गेलेल्या आत्याबाईंची दुरुस्ती अशी, की सुकडी शेजाऱ्याला दिल्याशिवाय खेळता येत नाही. "एकट्यानं खायची नसती ती."

असा जोड आपणही करणार असाल, तर तीन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, पत्ता दाखवून "ओळखा पाहू" असे म्हणू नये. "याला कोणती शक्ती देऊ?" असे विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर चुकू शकते, दुसऱ्याचे चुकूच शकत नाही. दुसरी, कालची कथा आज निराळी सांगितली, तर दुरुस्त करू नये. दोन्ही तारखेसह मागे लिहाव्यात. रामकथेची इतकी रूपे आपण मानतो, मग घरच्या कथेची दोन का मानू नयेत? तिसरी, एका बैठकीत चार-पाच पत्ते आणि वीसेक मिनिटे पुरेत. अंघोळ-चहानंतरची सकाळ उत्तम. अनेकांचा गोंधळ संध्याकाळी वाढतो, तेव्हा डाव मांडू नये. चष्मा पुसलेला असावा आणि श्रवणयंत्र कानात असावे.

मात्र आठवणी नेहमी सुखाच्याच येतात असे नाही, याची तयारी असू द्यावी. पाचवीच्या रात्री बाळाच्या कपाळी भविष्य लिहिणाऱ्या सटवाईचा पत्ता हाती आला, तेव्हा आत्याबाई बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या पहिल्या लेकीच्या कपाळी तिनं काहीच लिवलं नाही." आपल्याला एक थोरली बहीण होती, हे माझ्या पतींना वयाच्या 61 व्या वर्षी कळले. बारशाआधीच ती गेली, म्हणून तिला नाव नव्हते. आत्याबाई रडल्या. मी पत्ता काढून घेतला नाही आणि पुढे काही विचारलेही नाही. त्यांचा हात धरून बसले. नातवाने भीत भीत एक कोरा गोल पत्ता पुढे केला आणि विचारले, "पणजी, हिच्यावर काय काढू?" त्या म्हणाल्या, "काही नको. पांढराच राहू दे. पण डावातून काढू नका." तो पत्ता आमच्या खेळात कधीच बाद होत नाही. तो कुणाचा, हे आत्याबाईंना कधी सांगता येते, कधी येत नाही. आम्हा चौघांना मात्र ते आता ठाऊक आहे.

अशा उपायांविषयी अवाजवी आशा बाळगू नये. आयुष्याकडे मागे वळून पाहणे हा म्हातारपणाचा दोष नसून स्वाभाविक गरज आहे, असे रॉबर्ट बटलर या मानसोपचारतज्ज्ञाने 1963 साली मांडले. स्मृतिभ्रंशात जुन्या आठवणी तुलनेने उशिरा जातात, म्हणून आठवणींवर आधारलेल्या उपचारांचा प्रयोग जगभर होतो. त्यांविषयीच्या अभ्यासांचा कॉक्रेनने 2018 साली प्रसिद्ध केलेला आढावा सांगतो, की लाभ दिसतो, पण तो अल्प असतो आणि सर्वांना सारखा मिळत नाही. पत्ते औषधाची जागा घेत नाहीत. विस्मरण नव्याने जाणवत असेल, तर आधी तपासणी करावी. ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थायरॉइडचा विकार यांवर उपचार होऊ शकतात. गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक वाढला, तर त्यामागे मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा एखादे औषधही असू शकते. अशा वेळी दवाखाना गाठण्यास विलंब करू नये.

आत्याबाईंची स्मृती या पत्त्यांनी परत आलेली नाही. फरक पडला तो घरातल्या त्यांच्या जागेत. पूर्वी सारे त्यांना सांगत. आता डावात अडले की सारे त्यांना विचारतात. त्यांनी आज वेगळे सांगितले, तर आज खेळ वेगळा होतो. सांभाळणाऱ्यालाही यातून बळ मिळते. औषधे, अंघोळ आणि रात्रीची जागरणे यांत आपण ज्या माणसाची सेवा करतो, तो माणूस कोण होता, हे वीस मिनिटे तरी समोर दिसते.

येत्या रविवारी पाच गोल कागद कापून पाहा. पहिल्या पत्त्यावर काय काढायचे, ते मात्र आपण ठरवू नका. घरातल्या सर्वांत ज्येष्ठ माणसाला ठरवू द्या.